बदामाचं सूप

वीरेशच्या हातचं त्याची आई खात नव्हती. एकाच घरात राहून बारा वर्षं खात नव्हती.

लातूरला औसा रोडच्या मागच्या गल्लीत वीरेश आणि त्याची बायको अंबिका मेस चालवायचे. क्लाससाठी गावोगावाहून आलेल्या चाळीसेक मुली दोन्ही वेळा तिथं जेवायच्या. वरण, भात, पोळी, उसळ, रविवारी शिरा. मागच्या पडवीत वीरेशची आई रत्नम्मा स्वतःच्या स्टोव्हवर स्वतःपुरती भाजी-भाकरी करायची. सुनेनं केलेलं तिला चालायचं. मुलाचा हात लागलेलं चालायचं नाही. यावरून घरात भांडण असं कधी झालं नाही. "तिकडं काय काय हाताळलंस ते तुलाच म्हाईत," एवढंच ती एकदा म्हणाली होती.

तिकडं म्हणजे हैदराबादला. किल्लारीत त्यांचं किराणा दुकान होतं. वीरेशचे वडील शिवप्पा आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचे नाहीत. एकुलता एक मुलगा दुकानात बसेल असं ते धरून चालले होते. वीरेश अठराव्या वर्षी हैदराबादला गेला आणि एका मोठ्या हॉटेलात बटाटे सोलायला लागला. वर्षभरात त्याला इंग्रजी जेवणाच्या किचनमध्ये घेतलं. शेजारच्या टेबलावर मटण कापलं जायचं. हे गावात कळलं तेव्हा शिवप्पांनी मुलाशी बोलणं सोडलं. वीरेश सणाला घरी आला की ते दुकानातच जेवायचे.

अशी चार वर्षं गेली आणि भूकंप झाला. शिवप्पा दुकानातच झोपले होते. रत्नम्मा उदगीरला बहिणीकडे गेली होती, म्हणून वाचली. वीरेश मिळेल त्या ट्रकनं, जीपनं पोचला तेव्हा दुकानाच्या जागी दगडमातीचा ढीग होता आणि वडिलांचं सगळं आटोपलेलं होतं. त्यांचं तोंडही त्याला बघायला मिळालं नाही. तो परत हैदराबादला गेला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये आईबरोबर राहिला, लग्न केलं, आणि पुढं लातूरला क्लासची गर्दी वाढली तसा इथं येऊन त्यानं मेस टाकली. हॉटेलचा विषय तो काढायचा नाही.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात सीईटी संपली आणि मुली सामान बांधायला लागल्या. बिलोलीची देविका दोन वर्षं मेसमध्ये जेवलेली. तिला अंबिकाकडून काकांच्या जुन्या नोकरीचं कळलं होतं.

"काका, आम्ही जायच्या आधी एकदा तसलं जेवण करा ना," ती म्हणाली. "काट्या-चमच्यांचं."

"इथं ना ओव्हन, ना भांडी. ते घरी होत न्हाई," वीरेश म्हणाला.

पण शनिवारी तो बाजारातून बदाम, मैदा, लोणी आणि चीजचा डबा घेऊन आला. अंबिकानं मोठं पातेलं घासून ठेवलं.

रविवारी सकाळी तो कामाला लागला. रत्नम्माचा उजवा हात त्या दिवसांत प्लास्टरमध्ये होता. न्हाणीत पाय घसरून मनगट मोडलं होतं. स्वयंपाक बंद, त्यामुळं वेळ कसा घालवायचा हा तिच्यापुढं प्रश्नच होता. ती स्टूल घेऊन मेसच्या किचनच्या दारात येऊन बसली. मुलाला स्वयंपाक करताना ती पहिल्यांदाच इतकं जवळून बघत होती.

वीरेशनं गाजर, कांदा आणि कोथिंबिरीच्या काड्या मंद आचेवर उकळायला ठेवल्या. भिजलेले बदाम सोलून मिक्सरमधून काढले आणि धुतलेल्या मलमलीतून गाळले. दुसरीकडं लोण्यात मैदा परतून थोडं थोडं दूध घातलं. गुठळी होऊ नये म्हणून त्याचा हात एकसारखा फिरत होता.

"खीर करायलास का?" रत्नम्मानं विचारलं.

"न्हाई अव्वा. हे भाज्यांवर घालायचं. वर चीज घालून भाजायचं."

"कशात भाजशील?"

तेच त्याला सुचत नव्हतं. भाज्या खालून शिजल्या असत्या, पण वरचा थर लाल व्हायला वरून आच हवी होती.

"परातीत निखारे घेऊन वर ठेव," ती म्हणाली. "धग वरनंच लागंल."

त्यानं अंगणात शेगडी पेटवली. भाज्यांच्या पातेल्यावर परात आणि परातीत निखारे ठेवून तो सूपाकडं वळला. बदामाच्या दुधात भाज्यांचं पाणी मिसळलं, मीठ, मिरी आणि शेवटी साय घातली. चवीसाठी एक वाटी भरली आणि सवयीनं वर भाजलेल्या बदामाचे काप टाकले.

रत्नम्मा स्टुलावरून उठून जवळ आली. वाटीकडं बघत उभी राहिली.

"असंच म्हणले होते," ती म्हणाली. "पांढरं, घट्ट, अन् वर बदामाचे काप."

"कोण म्हणलं होतं?"

"तुझे अप्पा."

वीरेशनं चमचा खाली ठेवला.

"भूकंपाच्या आदल्या वर्षी मालाला गेले होते हैदराबादला. तुझ्या हॉटेलात जाऊन आले. दारवानानं सलाम केला म्हणे. आत बसले अन् म्हणले, बिनमटणाचं काय असंल ते द्या. तर हे दिलं."

"मग मला का बोलावलं न्हाई?"

"लाजले. धोतर नेसून बसलेले, समदे बघाय लागले म्हणे. अन् पोराला कामावरनं उठवलं तर त्याचा साहेब रागवंल, असं बी वाटलं."

"अव्वा, बारा वर्षं झाली. तू सांगितलं न्हाईस."

"शपथ घातली होती मला. मग ते गेले. गेलेल्या माणसाची शपथ मोडावी का न्हाई, मला कळंना. अन् एक भ्या होतं. त्यात मटणाचं काही नव्हतं ना रे? ते त्या पापात गेले का, हे कुणाला इचारू?"

वीरेश खाली बसला.

"न्हाई अव्वा. बदामाच्या सूपाचं भांडंच वेगळं असायचं. त्यात नुसतं भाज्यांचं पाणी. त्या वर्षी सूपावर मीच होतो."

नेमका त्या दिवशी तो कामावर होता की सुट्टीवर, हे त्याला माहीत नव्हतं. ते तो बोलला नाही.

रत्नम्मानं पदरानं डोळे पुसले आणि डाव्या हातानं वाटी उचलली. फुंकर घालून दोन घोट घेतले.

"मीठ कमी हाय."

"तिकडं असंच पितात."

"हितं न्हाई पीत."

त्यानं पातेल्यात आणखी मीठ घातलं. ती पूर्ण वाटी पिऊन स्टुलावर जाऊन बसली.

दुपारी मुली जेवल्या. भाज्या एका बाजूनं करपल्या होत्या, काटे कमी पडले. देविकानं सूप दोनदा घेतलं. भाज्या मात्र तिनं "काका, पोळीशी खाल्लं तर चालंल का?" असं विचारून पोळीशी खाल्ल्या, आणि मग सगळ्यांनीच पोळ्या मागितल्या. अंबिकाला पुन्हा कणीक मळावी लागली.

महिन्याभरानं रत्नम्माचं प्लास्टर निघालं. दुसऱ्याच दिवशी तिनं पडवीतला स्टोव्ह पेटवला. वीरेशनं ते येता-जाता पाहिलं आणि डाळ ढवळत राहिला. इतक्या वर्षांची सवय एका वाटीनं मोडत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

पुढच्या सोमवारी दुपारी मेस रिकामी झाल्यावर ती किचनच्या दारात आली.

"अजून काय काय शिकलास तिकडं?"

त्यानं नावं सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला तिनं हात वर केला.

"नावं सांगू नको. करून दाव," ती म्हणाली आणि आत येऊन भाज्या निवडायला बसली.