जुलैत थरथरणारी टपालपेटी

मी एक जुनी पत्र्याची टपालपेटी आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या डोंगराळ भागात, रस्त्याच्या कडेला एका लाकडी खांबावर उभी आहे. टपालगाडी एकाच अंगाने जाते, म्हणून समोरच्या घराची हिरवी पेटीही माझ्याच खांबावर आहे. खांब एक, पण काउंट्या, म्हणजे जिल्हे, दोन! मधला रस्ता हीच त्यांची सीमा. अलीकडचे कर वेगळे, पलीकडचे वेगळे.

मित्रांनो, कारखान्यात मला ठोकून वाकवलं, तेव्हाही मी घाबरले नव्हते. अलीकडच्या घराचे मालक क्लाइड ब्रम्बॉ यांनी मला रंगवून इथे बसवलं. "काय ऐट आहे पेटीची!" असं टपालवालाही म्हणायचा. बियाण्यांच्या जाहिराती, नाताळची कार्डं, लग्नाची आमंत्रणं मी पोटात सांभाळली. पाकिटांवरून मी माणसाची ऐपत ओळखते. चकचकीत गाडीवाल्यांना थकलेल्या हप्त्यांचे तगादे येतात आणि फाटक्या कोटातल्या क्लाइडना बँकेच्या नाताळशुभेच्छा यायच्या!

भीती शिरली ती एका जुलैत. घरांच्या कराची बिलं इथे जुलैत येतात. समोरचं घर एका तरुण जोडप्याने नुकतंच घेतलं होतं. घेताना त्यांनी आधीच्या म्हाताऱ्याचं बिल पाहिलं आणि आपल्यालाही तेवढंच येईल असं ते धरून चालले. आलं ते दुपटीहून मोठं. त्या माणसाने माझ्याजवळच पाकीट फोडलं आणि तो मटकन गवतात बसला. दोन हिवाळ्यांत घर हातचं गेलं. हिरवी पेटी तोंड वासून राहिली, आत गांधीलमाश्यांनी पोळं केलं. तेव्हापासून जुलै म्हटला की माझा पत्रा थरथरतो.

पुढे क्लाइड गेले. त्यांची बायको आर्डिथबाई थकल्या. घर विकून, त्या पैशांतून मुलीच्या घराला एक खोली जोडायची आणि तिथे राहायचं, असं त्यांनी ठरवलं. समोरचं घरही विकायलाच होतं. एका दुपारी पर्सेल नावाचा दलाल ग्रेडी आणि त्याच्या गरोदर बायकोला, लॉरेलला, घेऊन आला. बोलणं माझ्यापाशीच झालं.

"पलीकडे घर नावावर करतानाच हस्तांतरण कर डोळे पांढरे करतो," पर्सेल म्हणाला. "इकडे त्याच्या निम्माही नाही."

"आणि आजींचं वर्षाचं बिल बघ, किती हलकं!" ग्रेडी खुलला.

"म्हणजे पाळण्याचे पैसे सुटले," लॉरेल म्हणाली. "पाळण्याचे हं, तुझ्या होडीचे नव्हे!"

मला पुन्हा तेच गवत दिसू लागलं. ओरडावंसं वाटलं, पण आत न्यायचं टपाल आहे हे टपालवाल्याला सांगणारा माझा लाल झेंडासुद्धा दुसऱ्याने उचलावा लागतो. तेवढ्यात काठी टेकत आर्डिथबाई टपाल न्यायला आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पोरी, ते बिल माझं आहे, तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "राहत्या मालकाच्या कराला वाढीची वेसण असते. मी घर विकलं की वेसण सुटली, मग कर घराच्या आजच्या पूर्ण किमतीवर. दोन्हीकडे तसंच, पण इकडचा दर चढा आहे."

"आर्डिथ, घर विकायचंय ना तुला?" पर्सेल दातांवर दात ठेवून म्हणाला.

"विकायचंय रे. पण पुन्हा कुणाला त्या गवतात बसलेलं बघायचं नाही."

लॉरेलने तिथूनच दोन्ही काउंट्यांच्या कचेऱ्यांना फोन लावले आणि आपल्या नावावर काय पडेल ते विचारून घेतलं. मग ती ग्रेडीला म्हणाली, "तिकडे एकदाच रडायचं, इकडे दर जुलैला. बोल!"

त्यांनी पलीकडचं घर घेतलं.

"हातचं गिऱ्हाईक हाकललंस!" पर्सेल चरफडला.

"हाकललं नाही, रस्ता ओलांडून दिला," आर्डिथबाई म्हणाल्या. घरात जाताना मात्र त्यांची काठी अडखळत होती. त्यांच्या दारातली विक्रीची पाटी अजून तशीच आहे.

आणि परवा जुलैचं टपाल आलं. ग्रेडीने हिरवी पेटी उघडली, माझ्याजवळच पाकीट फोडलं. माझा पत्रा थरथरला. त्याने बिल वाचलं. पुन्हा वाचलं. "कचेरीने सांगितलं तेवढंच!" म्हणत तो उभाच राहिला. मग बिल खिशात घालून त्याने माझा सैल झालेला खिळा दगडाने ठोकला आणि पाटीकडे बघत तो आर्डिथबाईंच्या दाराकडे वळला.

मित्रांनो, घर बघायला जाल तेव्हा भिंती बघा, छप्पर बघा. पण मालकाचं बिल आपलं समजू नका. आपल्या नावावर काय येईल ते विचारा. आणि पेटीजवळ कुणी म्हातारं माणूस थांबलेलं दिसलं, तर तुम्हीही थोडं थांबा.