धाब्यांवरचं पिवळं कापड

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सुरतेतल्या नवागामच्या पाण्याच्या टाकीवर एक ड्रॅगन येऊन बसला. टाकीला तडा गेला, पण ती फुटली नाही. लोकांना आधी त्याच्या पाठीवरची जांभळी झूल दिसली, मग समोरच्या घरांच्या धाब्यांकडे, म्हणजे सपाट छपरांकडे, वळलेली मान दिसली, आणि गल्लीतली दारं धडाधड लागली.

जांभळा रंग विक्रमदेवांचा. हिवाळ्यात राजे वारले. तेव्हापासून गादीसाठी त्यांचे धाकटे भाऊ विक्रमदेव आणि मुलगी देवयानी यांच्यात लढाई सुरू आहे. देवयानीचा रंग पिवळा. ड्रॅगन दोघांकडेही आहेत, आणि सुरतेत दोघांनी एकसारखंच फर्मान काढलं आहे: आमचे असाल तर छपरावर आमचा रंग लावा. वरून ड्रॅगनला माणसं ओळखता येत नाहीत, रंग तेवढे कळतात. गेल्या आठवड्यात पर्वत पाटियाजवळची कापडाची काही गोदामं जळाली. ती आपणच जाळली असं आधी दोघांनी सांगितलं आणि नंतर दोघांनीही ते नाकारलं.

नवागामच्या या गल्लीत राहणारी बहुतेक माणसं खानदेशातून आलेली, लूमवर किंवा मिलमध्ये काम करणारी. कोणताच रंग लावायचा नाही असं त्यांनी बैठक घेऊन ठरवलं होतं. तरीही त्या सकाळी गल्लीतलं प्रत्येक धाबं पिवळं होतं.

टाकीच्या शिडीने जी स्वार खाली उतरली ती गौरी, मराठी शाळेतल्या सुधाकर सरांची मुलगी. तिला गल्लीतले निम्मे लोक ओळखत होते. ती पहिल्या घरासमोर उभी राहिली.

"झेंडे कोणी लावले?"

दार उघडलं सरलाबाईंनी. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या घाट्याने माखलेले होते.

"कसाना झेंडा? बिबड्या शेतस त्या."

"काकू, मी वरून आले. अख्खी गल्ली पिवळी आहे."

"मंग जरासं खाले ईसन देखनं व्हतं ना माय. सर बरा शेतस का?"

"बाबा बरे आहेत. विषय बदलू नका."

विषय बदललेला नव्हता. चैत्रात ज्वारीचा घाटा शिजवून ओल्या कापडावर पापडासारख्या पातळ बिबड्या थापायच्या आणि धाब्यावर वाळवायच्या, हे या घरांमध्ये दरवर्षी होतं. एरवी जुनी धोतरं आणि साड्या वापरतात. यंदा कापड शहराबाहेरच्या सचिन गावातल्या एका मिलमधून आलं होतं. सरलाबाईंचा मुलगा लखन तिथे छपाईत आहे. निवडणुकीत सगळ्या पक्षांचे झेंडे छापणाऱ्या या मिलला लढाईत दोन्ही बाजूंचं काम मिळालं. देवयानीच्या पहिल्या मालात चिन्हावरच्या ड्रॅगनची शेपटी अर्धीच छापली गेली. माल परत आला. मालकाने त्यातला थोडा कामगारांना दिला, आणि लखनने टेम्पोत घालून आणलेले गठ्ठे गल्लीभर वाटले. बैठकीत झेंड्यांवर बरीच चर्चा झाली. बिबड्यांखालचं कापड झेंड्यात मोडतं, हे तिथे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

लखन धाब्यावरून धावत खाली आला. त्याच्या हातात कापडाचा एक कोपरा होता.

"ताई, हा सेकंडचा माल आहे. रिजेक्ट. बघा ना, शेपूट कापेल आहे."

गौरीने कोपरा उलटसुलट करून पाहिला. "ही त्यांची गुप्त खूण असेल तर?"

"खूण कसली ताई! स्क्रीन सरकली व्हती. सुपरवायझरनं मला आईवरून शिव्या दिल्या."

गौरीचं लक्ष उघड्या दारातून आत गेलं. खाटेवर गोधड्यांची चळत होती आणि त्यांचं अस्तर जांभळं होतं. त्यावर विक्रमदेवांचं चिन्ह स्पष्ट दिसत होतं.

"हे तर आमचं कापड. तुम्ही नक्की कोणाचे?"

"आम्ही कोनाच नहीत," सरलाबाई म्हणाल्या. "जांभळाना रंग सुटस. बिबड्या जांभळ्या व्हई जातीस. म्हनीसन त्याना गोधड्या शिव्यात."

शेजारच्या खिडकीतून म्हातारा सुपडू बोलला, "रंग पक्का करता येस नही, आन राज करानं म्हनतस."

दोन-तीन घरांतून हसू ऐकू आलं. टाकीवरची मान त्या दिशेला वळली आणि हसू थांबलं.

गौरीने कापड उतरवायला सांगितलं. सरलाबाईंनी नकार दिला. ओली बिबडी कापडावरून निघत नाही, ओढली तर तुकडे होतात, हे त्यांनी शांतपणे समजावलं. लखनची बायको वर्षा मोबाइल पुढे करत म्हणाली की जवळच्या उधना भागावर पिवळ्या झुलीचा ड्रॅगन फिरतोय असा मेसेज आहे. "आता कापड काढलं आन त्यांनी पाहिलं, तर आम्ही फितूर. नाही काढलं तर तुम्ही जाळणार. आम्ही करायचं काय, ते तरी सांगा ताई."

 गौरीच्या खांद्यावरच्या वायरलेसवर हुकूम आला की काका-पुतणीची बोलणी सुरू झाली आहेत, कुठेही आग लावू नये. लगेच दुसऱ्या आवाजात हुकूम आला की बोलणीबिलणी काही नाहीत, पिवळं दिसेल ते जाळावं. कोणता आवाज वरच्या अधिकाऱ्याचा, हे तिने दोनदा विचारलं. पलीकडून फक्त खरखर आली.

शेवटी तिने स्वतःच ठरवलं. लखनने तिच्याबरोबर मिलवर यावं. परत आलेल्या मालाचा ढीग तिथे अजून पडला आहे असं तो म्हणतो, तो दाखवावा. ढीग दिसला तर ती गल्लीला हात लावणार नाही आणि त्याला घरी आणून सोडेल.

"आन नही दिसना तं?" सरलाबाईंनी विचारलं.

"तर शत्रूचे झेंडे वाटणारा हाच. मग मला काही करता येणार नाही."

"ढीग आहे आई. शनिवारी मी सोता पाह्यला," लखन म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

वर्षाने त्याच्या कानांवरून रुमाल बांधला. सरलाबाई गौरीला म्हणाल्या, "त्याले धरी ठेवजो माय. उंचावर त्याले भोवळ येस."

"धरते, काकू."

ड्रॅगन उडाला तेव्हा चार धाब्यांवरच्या बिबड्या वाऱ्याने कापडासकट उलटल्या. तो सचिनच्या दिशेने गेला असं वर्षा सांगते. सुपडूच्या मते तो आधी पर्वत पाटियाकडे वळला होता. गल्लीत त्यानंतर काय करावं यावर एकमत झालं नाही. काही बायकांनी कापड गुंडाळून आत नेलं, काहींनी पिवळ्यावर जांभळी गोधडी टाकली, आणि एकीने ती पुन्हा काढली.

दुपारी वर्षाने मिलचा वॉचमन हिलाल याला फोन लावला. स्पीकर चालू होता, सगळे भोवती उभे होते.

लखन पोहोचला आहे, हिलालने सांगितलं. ठीक आहे, दोनदा ओकला. पण अंगणातला ढीग तिथे नाही. काल एक व्यापारी सेकंडचा माल घेऊन गेला म्हणतात, त्यात झेंड्यांचा माल होता का ते मालकालाच ठाऊक, आणि मालक फोन उचलत नाहीत. लखन आणि ती बाई मागच्या गोदामात शोधताहेत.

"दादा, त्यांना फोन दे ना," वर्षा म्हणाली.

हिलाल गोदामाकडे चालू लागला. त्याची पावलं ऐकू येत होती. मग ती थांबली. गेटवर दुसरा ड्रॅगन उतरला आहे, तो हळू आवाजात म्हणाला.

"कोनाना?" सरलाबाईंनी विचारलं.

धूळ उडतेय, झुलीचा रंग दिसत नाही, असं हिलालने सांगितलं. लखन अजून गोदामातच आहे. तेवढं बोलून फोन बंद झाला.