माझ्या पायाखालचा कागद

मित्रांनो, शिक्षकांच्या खोलीत घरघर करत बसलेला आणि येता-जाता सगळ्यांच्या टपल्या खाणारा जुना प्रिंटर मीच. माझा एक पाय मोडला आहे. त्याखाली घडी घातलेला एक कागद सरकवला आहे. त्या कागदावर उभं राहणं मला नकोसं झालं आहे.

मी नवा होतो तेव्हा माझा थाट होता. स्वतंत्र टेबल होतं, वरून झाकायला कापड होतं. परीक्षेचे पेपर मीच छापायचो, पण माझ्या आवडीचं काम म्हणजे शिफारसपत्रं. कॉलेजात अर्ज करणाऱ्या मुलांसाठी विज्ञानाचे सर ती लिहीत. आधी ते मुलाला समोर बसवून घेत. काय आवडतं, काय जमत नाही, घरी कोण कोण आहे, सगळं विचारत. मग एकेका वाक्यासाठी डोकं खाजवत बसत. ती पत्रं छापताना मुलं मला ओळखीची वाटायची.

पुढे वर्गात मुलं वाढली, सरांचे तास वाढले आणि सरांनी एक पत्र कायमचं तयार करून ठेवलं. मेहनती, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. नाव बदलायचं, बटण दाबायचं. सरांबरोबर मीही पाट्या टाकू लागलो.

माझ्या शेजारी माशांची काचेची पेटी होती. एक अबोल मुलगी मधल्या सुट्टीत पेटीची निगा राखायला यायची. शाळा बंद असली तरी शिपाईकाकांकडून किल्ली मागून यायची. एकदा एक मासा आजारी पडला, तेव्हा तिने त्याला वेगळ्या बरणीत ठेवून जिवापाड जपलं आणि वाचवलं. सरांच्या खुर्चीची पाठ नेमकी पेटीकडे होती.

तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. घरच्यांनी कशीबशी एकाच कॉलेजात अर्ज करू दिला होता. तिथे जमलं नाही, तर मामाच्या दुकानात बसायचं हे ठरलेलं होतं. ती पत्र मागायला आली, तेव्हा सरांनी वह्यांतून मान वर न करताच नाव लिहून ठेवायला सांगितलं.

तिचं पत्र माझ्यात अडकलं. कागद ओढणारी माझी रबरं झिजली होती, दुसरं काही नाही. पण खरं सांगतो, अडकूनच राहावं असं मला वाटलं. सर, मागे वळा, त्या माशाबद्दल लिहा, असं ओरडावंसं वाटलं. सरांनी मला टपली मारली, कागद ओढून काढला आणि पुन्हा बटण दाबलं. पाठोपाठ त्याच कॉलेजासाठी दुसऱ्या एका मुलाचं पत्र निघालं, शब्दाला शब्द तेच. पत्र विद्यार्थ्याने वाचायचं नसतं, म्हणून दोन्ही पाकिटं तिथेच बंद झाली.

काही दिवसांनी कॉलेजाचं सरांना उत्तर आलं. दोन्ही शिफारसी तंतोतंत सारख्या असल्याने दोन्ही अर्ज बाद केले होते; मुलांना मात्र नुसता नकार कळवला होता, कारण नाही. त्या मुलाने आणखी चार ठिकाणी अर्ज केले होते, त्याचं निभावलं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, उत्तराची घडी घातली आणि माझ्या डगमगत्या पायाखाली सरकवली.

मग ती मुलगी भेटायला आली. म्हणाली, "सर, तुम्ही वेळ काढून माझ्यासाठी एवढं लिहिलंत. मीच कमी पडले."

सरांनी तेव्हा प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता तरी सांगतील.

"एकेकाचं नशीब असतं गं," ते म्हणाले.

जाताना तिने पेटीतलं पाणी बदललं. आता त्या पेटीत मासे नाहीत, मोडके खडू आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मला खुशाल भंगारात द्या. पण तुमच्याकडून चार ओळी लिहून घ्यायला कुणी दारात उभं राहिलं, तर आधी मान वर करून त्याच्याकडे पाहा. उद्या मला उचलून नेतील. पायाखालचा कागद केराबरोबर जाईल. आणि मामाच्या दुकानात बसलेली ती मुलगी जन्मभर समजत राहील, की तीच कमी पडली.