भाचीनं पाठवलेला डबा

ताईच्या स्वयंपाकघरातून रोज दुपारी शहरातल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे डबे जात. जेवण साधंच, पण देण्याची रीत खास तिची. डबा नेणाऱ्या बाईनं दार वाजवायचं आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायचं, "भाचीनं पाठवलाय!" फुकटचं खातात असं म्हणायची कुणाची बिशाद नव्हती. अर्ध्या शहराच्या म्हाताऱ्यांना अशी एक मायाळू भाची होती, आणि या थापेचा ताईला भारी अभिमान होता.

तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका तर तिला खरोखरच भाची म्हणत. नजर अधू झालेली, तरी डब्यांच्या राखाडी पिशव्या तेच शिवून देत. "तू मला जेवू घालतेस, मी तुझ्या डब्यांना कपडे घालतो. मग उपकार कुणाचे गं कुणावर?" असं म्हणून मिशीत हसत.

मग ताई निवडणुकीला उभी राहिली. हौस नव्हे. स्वयंपाकघराची सरकारी जागा पाडून तिथे गाड्या लावायला मैदान करायचा घाट होता, आणि साहेबांच्या दारात खेटे घालून तिच्या चपला झिजल्या होत्या. आमदार झालो तर डबे वाचतील, एवढंच तिचं गणित.

प्रचार दिराच्या हाती. त्याचा छापखाना होता, त्यामुळे कोरी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवायचे.

"वहिनी, एवढ्या पिशव्या घरोघरी जातात, आणि सगळ्या कोऱ्या?"

"त्यांना हात लावू नका, भाऊजी."

"बरं, नाही लावत. पडा मग! जागा गेल्यावर डबे काय आभाळातून पाठवणार?"

आयुष्यभर कुणापुढे गप्प न बसणारी बाई नेमकी इथंच गप्प बसली. दोन दिवसांत राखाडी पिशव्या माळ्यावर गेल्या आणि नव्या चकचकीत पिशव्या जिने चढू लागल्या. त्यांवर तिचा हसरा चेहरा, आणि खाली ठळक अक्षरांत: 'भुकेल्यांची ताई'.

भाचीचं बिंग फुटलं. काही दारं उघडेनाशी झाली, काही जेमतेम हात बाहेर येण्याइतकी उघडत. शिंपीकाकांचा डबा तर भरलेलाच परत येऊ लागला. "पोट बरं नाही म्हणतात," डबेवाल्या बाईनं सांगितलं. आजच जाऊन पाय धरावेत असं ताईला वाटलं, पण संध्याकाळी सभा होती, दुसऱ्या दिवशी फेरी. निकाल लागू दे, मग जाऊ, अशी तिनं मनाची समजूत घातली.

ती निवडून आली. जागा वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून एक राखाडी पिशवी काढली, स्वतः डबा भरला आणि एकटीच तिसरा मजला चढली.

दार वाजवून ती नेहमीच्या रीतीनं मोठ्यानं म्हणाली, "काका, भाचीनं पाठवलाय!"

समोरचं दार आधी उघडलं. "अगंबाई, आमदारबाई स्वतः!" म्हणत शेजारीण उंबऱ्यात उभी राहिली.

मग काकांचं दार उघडलं. ताईला ओळखू येईनात, इतके ते वाळले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगाबरोबर कपडे बेतलेला माणूस, आणि त्याचाच सदरा त्याच्या खांद्यांवरून ओघळत होता. त्यांनी पिशवीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. क्षणभर ताईला वाटलं, घेतील.

"मत दिलंय मी तुम्हाला," काका म्हणाले. "फिटलं आपलं. आता हे नको."

त्या 'तुम्हाला'नं तिचा जीव तुटला.

"काका, मी मतासाठी नाही हो आले. मी तुमची भाची…"

काकांनी समोरच्या दाराकडे पाहिलं. मग सगळा दम गोळा करून, शेजारणीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"मला भाची नाही."

आणि दार लावून घेतलं.