जपू नका, तोडू द्या

मी एक जुना तोड्या आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या छातीवरच्या पितळी पट्टीवर लांबलचक, भारदस्त नाव कोरलेले होते. पण अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी मला पहिल्याच वर्षी हे सुटसुटीत नाव ठेवले. नावे मात्र पुढे इतरांनी ठेवली. त्यांची गोष्ट येईलच.

माझे काम सोपे आहे, मित्रांनो. लोखंडाची सळई माझ्या वरच्या आणि खालच्या जबड्यात घट्ट धरायची, पंप सुरू करायचा आणि ती तुटेपर्यंत ओढत राहायचे. किती जोर लागला ते माझ्या तबकडीवरचा काटा सांगतो. पूल, छप्पर, जत्रेतला पाळणा, जिना यांना लागणारे लोखंड किती सोसेल हे उद्याच्या इंजिनियरांना कळावे म्हणून मी तोडतो. तुम्हाला वाटेल, तोडण्यात कसला आला मोठेपणा? वाटू द्या. मला त्याची लाज नाही.

माझा जन्म ओतशाळेच्या धगीत झाला. माझे खांब कातले गेले, जबड्यांना दाते पाडले गेले आणि पोटात तेल भरले गेले. पाठवण्याआधी कारखान्यातल्या माणसांनी माझ्याकडून जाडजूड सळया तोडून घेतल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग मी तळमजल्यावरच्या एका लांबट प्रयोगशाळेत येऊन उभा राहिलो. तिथे उंच खिडक्या होत्या, तेलाचे डाग पडलेली फरशी होती आणि कोपऱ्यात सळयांचा ढीग होता.

सुरुवातीची वर्षे झकास गेली. वर्ग लहान होते आणि प्रत्येक मूल स्वतःच्या हाताने सळई लावायचे. ती ताणली जायची, मधोमध तिची कंबर बारीक व्हायची आणि धाडकन आवाज झाला की मुले दचकायची. दचकून हसायची, आणि मग तुटलेले तुकडे जुळवून बघत भांडायची. त्या भांडणांत मी जेवढे शिक्षण पाहिले तेवढे नंतर कित्येक वर्षे पाहिले नाही.

कारण वर्ग फुगत गेले. मुले चौपट झाली, मी मात्र एकटाच राहिलो. मग प्रत्येकाने सळई तोडण्याऐवजी एका घोळक्यासमोर एकच सळई तुटू लागली. पुढचे दोघे बघायचे आणि मागचे पुढच्यांच्या माना बघायचे. पुढे तेही थांबले. गेल्या वर्षीच्या मुलांचे आकडे यंदाची मुले माशीला माशी मारून उतरवू लागली. एका वर्षी कुणीतरी काटा चुकीचा वाचला होता. ती चूक माझ्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे, पिढ्यान्‌पिढ्या पास होत गेली.

आणि मला? मला कापडाची खोळ घातली. दाराला कुलूप लागले. वर्षातून एकदा तपासणी समिती यायची, तेव्हा मला पुसूनपासून चकाचक करायचे. पाहुणे म्हणायचे, "वा! किती जपून ठेवलंय यंत्र!"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझा याहून मोठा अपमान झालेला नाही.

त्याच काळात पदार्थांची ताकद शिकवणाऱ्या विषयात अर्ध्याहून जास्त वर्ग नापास होऊ लागला. शिक्षकांच्या खोलीची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे सगळे माझ्या कानावर यायचे. "हल्लीची पोरं ढ आहेत." "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी खोळीच्या आत धुमसत असे. अहो, आडात पाणी आहे की नाही हे बघायला कुणी पोहरा सोडला होता का?

मग काबाई आल्या.

हे त्यांचे खरे नाव नव्हे. त्या दर वाक्याला "का?" विचारायच्या, म्हणून मुलांनी ठेवलेले. बारीक अंगाच्या, भराभर चालणाऱ्या. नोकरीला लागून आठवडा होत नाही तोच त्या विभागप्रमुखांना घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सर, याची किल्ली मला हवी."

"कशाला?"

"मुलांना सळया तोडू द्यायच्यात."

विभागप्रमुख हसले. "बाई, यंत्र जुनं झालंय. बिघडलं तर?"

"बिघडलं तर दुरुस्त करू. तिकडे पोरांची वर्षं बिघडतायत, ती कोण दुरुस्त करणार?"

काबाईंनी जरा हळू आवाजात विचारले, "तुम्ही कुठे शिकलात, सर?"

"इथेच. याच यंत्रावर." त्यांनी माझ्या खांबावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "पण तेव्हा वर्गात मोजकी पोरं होती. आता एवढ्या गर्दीला एकेक सळई तोडायला कसं पुरणार तुम्ही?"

"गट करीन. तोच तास चार वेळा घेईन."

"घ्या. पण काही झालं तर जबाबदारी तुमची."

प्रयोगशाळेच्या मामांनी कुलूप उघडले, खोळ ओढली आणि माझ्या पोटात ताजे तेल पडले.

काबाईंची रीत वेगळी होती. सळई लावण्याआधी त्या प्रत्येक गटाला खडूने फरशीवर लिहायला लावायच्या: कुठे तुटेल, किती जोराला तुटेल आणि तसे का वाटते. मगच पंप सुरू व्हायचा. अंदाज चुकला की त्या रागवायच्या नाहीत. नुसत्या विचारायच्या, "का?"

तुम्हाला वाटेल, मुले आनंदाने नाचली असतील. मुळीच नाही. मुले वैतागली! आजवर त्यांना उत्तरे हातात मिळत होती. त्यांच्यात एक उंच मुलगा होता, कुठल्याही गोष्टीवर वाद घालायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. त्याने तक्रार लिहिली आणि निम्म्या वर्गाच्या सह्या घेतल्या. ती घेऊन तो सगळ्यांसमोर उभा राहिला.

"मॅडम, राग मानू नका. पण तुम्ही शिकवतच नाही. उलट आम्हालाच विचारता. आम्ही इथे शिकायला येतो, अंदाजपंचे आकडे सांगायला नाही."

मला वाटले, आता खोळ परत येणार. काबाईंनी कागद पूर्ण वाचला.

"यातलं अर्धं खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी विचारते आणि तुम्हाला तसंच लटकत ठेवते. तिथे माझं चुकतंय. उद्यापासून प्रत्येक गटाबरोबर बसेन, अडलं तिथून पुढे घेऊन जाईन. पण विचारणं नाही सोडणार. तुम्हाला अवघड जातंय ना? अवघड जातंय म्हणजे काहीतरी आत जातंय."

"आणि नाही गेलं तर?" वकिलाने विचारले.

"तर पुन्हा माझ्याशी भांड. पण सळई तोडून झाल्यावर."

त्या तशाच वागल्या. तास संपल्यावर माझ्या पायाशी स्टूल ओढून एकेका गटाबरोबर बसायच्या. एखादी गोष्ट कुणालाच कळली नाही, तर पुढच्या वेळी ती वेगळ्या तऱ्हेने सांगायच्या. शिकवणाऱ्यानेही शिकायचे असते हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

या वर्गात एक मुलगी होती. आवाज इतका बारीक की तिला सगळे चिमणी म्हणायचे. या विषयात ती दोनदा नापास झाली होती. अभ्यास करत नव्हती असे नाही. पुस्तक तिला पानन्‌पान पाठ होते, अगदी स्वल्पविरामासकट. पण परीक्षेत आकडे बदलले की तिचे हातपाय गळायचे. एकदा ती माझ्या मागे उभी राहून फोनवर बोलत होती.

"दादा, एकदाच. हे शेवटचं... नाही रे, या वेळी नापास झाले तर येते घरी. मी कुठे नाही म्हणतेय?"

फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि समोर आली. त्या दिवशी फरशीवर तिने लिहिलेला अंदाज साफ चुकला. काबाईंनी "का?" विचारले आणि तिने पुस्तकातली व्याख्या घडाघड म्हणून दाखवली.

"व्याख्या बरोबर आहे," काबाई म्हणाल्या. "ही सळई का तुटली ते सांग."

चिमणीने दोन तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग पुटपुटली, "माहीत नाही."

"छान. आता सुरुवात झाली."

अशात तपासणी समितीची तारीख आली. विभागप्रमुखांची धांदल उडाली. त्यांनी माझी माहिती सांगायला चिमणीलाच निवडले, कारण पाठांतरात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. "एक शब्द इकडेतिकडे नको," त्यांनी बजावले. "आणि यंत्र सुरू करायचं नाही. नाहीतर हात दाखवून अवलक्षण!"

समिती आली. चिमणीने सगळे न अडखळता म्हटले. पाहुणे माना डोलावत पुढे निघाले. इतक्यात त्यांच्यातल्या एक बाई थांबल्या. त्यांनी आयुष्यभर पुलांचे काम केले होते. त्यांनी ढिगातली एक ओतीव लोखंडाची सळई उचलली.

"ही किती जोर सोसेल?"

हे भाषणात नव्हते. विभागप्रमुख पुढे सरसावले, पण पाहुण्या बाईंनी हाताने त्यांना थांबवले. काबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या मुठी आवळलेल्या मला दिसल्या.

चिमणीने सळईची जाडी मोजली. खाली बसून फरशीवर खडूने हिशेब मांडला. मग उठली आणि आकडा सांगितला. "आणि ही ताणली जाणार नाही. एकदम तुटेल."

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? तोडून सांगते."

"नको, नको! आज नको!" विभागप्रमुख म्हणाले.

पण वकिलाने तोवर सगळ्यांना डोळे वाचवणारे चष्मे वाटले होते आणि पाहुण्यांना जाळीमागे उभे केले होते. मामांनी पंपाच्या बटणाकडे बघितले, मग पाहुण्या बाईंकडे. बाईंनी होकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, मी जीव तोडून ओढले. काटा चढू लागला. चिमणीचे ओठ हलत होते. काटा तिच्या आकड्याच्या निम्म्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच फाडकन आवाज झाला. सळईचे दोन तुकडे!

विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. दोनदा नापास झालेली मुलगी, सगळ्या समितीसमोर, निम्म्याने चुकली होती. मला वाटले आता ती रडणार किंवा पाठ केलेली एखादी व्याख्या म्हणणार. तिने यातले काही केले नाही. खालचा तुकडा माझ्या जबड्यातून सोडवला, खिडकीशी नेला आणि तुटलेले तोंड उजेडात धरले.

"इकडे या ना," ती म्हणाली. आवाज तसाच बारीक, पण आता कापत नव्हता. "हे बघा. आत वाटाण्याएवढी पोकळी आहे. ओतताना हवा अडकली असणार. मी सळई भरीव धरून हिशेब केला होता, म्हणून चुकले."

पाहुण्या बाईंनी तुकडा हातात घेऊन नीट पाहिला. "मग आता याच ढिगातली दुसरी सळई घेतलीस, तर कोणता आकडा धरशील?"

चिमणीने विचार केला. खरोखरचा विचार, डोळे मिटून पान आठवणे नव्हे.

"आकडा तोच धरीन," ती म्हणाली. "पण तिच्यावर तेवढा भार कधीच टाकणार नाही. खूप कमी टाकीन. कारण आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही." आणि मग एकदम काबाईंकडे वळून म्हणाली, "मॅडम, सुरक्षेसाठी ताकद राखून ठेवायची म्हणतात ते हेच का? मला ते पाठ होतं!"

काबाईंनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसल्या.

आता गोड शेवट ऐकायचा असेल तर निराश व्हाल. समितीने अहवालात 'उपकरणे जुनी आहेत' असा शेरा मारला आणि विभागाचे गुण कापले. विभागप्रमुख दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकटेच आले, खिडकीत ठेवलेला तो तुकडा उचलून पोकळीवरून अंगठा फिरवला आणि मामांना म्हणाले, "किल्ली यापुढे बाईंकडेच राहू दे."

चिमणी पास झाली. पहिली वगैरे नाही, नुसती पास, पण दादाला फोन करताना ती इतक्या मोठ्याने ओरडली की तिचे टोपणनाव खोटे ठरले. वकील थोडक्यात नापास झाला. पुढच्या सत्रात तो पुन्हा आला, पुन्हा भांडला आणि निघाला पास होऊन. नापास होणारे अर्ध्याहून जास्त होते, ते चौथाईवर आले. लोक म्हणाले, काय हा चमत्कार! मी म्हणतो, कसला चमत्कार? बाईंनी चार वेळा तास घेतला, स्टुलावर बसून कंबर मोडून घेतली, स्वतःची चूक वर्गासमोर कबूल केली. आणि ती चौथाई अजून बाकी आहे. ती ढ नाही. तिच्यापर्यंत आपण अजून पोहोचलेलो नाही.

आता शेजारच्या खोलीत संगणक आलेत. पडद्यावर सळई रंगीत दिसते, हवी तितक्या वेळा तुटते आणि फरशी घाण होत नाही. माझे त्यांच्याशी वैर नाही. मुले तिथेही शिकोत. पण पडद्यावरच्या सळईत कुणी मुद्दाम घातल्याशिवाय पोकळी नसते. जगातल्या लोखंडात असते. म्हणून मला भंगारात काढायचा विषय निघाला की मी म्हणतो, या, उचलून बघा! मी जागचा हलणार नाही. माझे पाय फरशीत रोवलेले आहेत.

मित्रांनो, आपली कहाणी सांगून झाली की आम्हा जुन्या वस्तूंनी हात जोडून विनवायचे असते, आम्हाला जपा म्हणून. मला हात नाहीत. जबडे आहेत. आणि मला जपलेले नको आहे. माझे दाते झिजवा, माझे तेल सांडा, मी बिघडलो तर मला उघडा आणि मी कसा चालतो ते बघा. विद्यार्थ्यांनो, घोकलेले उत्तर माझ्यासमोर आणू नका, स्वतःचे चुकीचे उत्तर आणा. शिक्षकांनो, कुलपे काढा आणि मुलांना ढ म्हणण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसा.

चुका इथे करू द्या, माझ्यापाशी, पोटभर. इथे तुटलेल्या सळईचा फक्त आवाज होतो. बाहेर तुटली, तर तिच्याखाली माणसे असतात.