नवी गाडी दबत नाही

माझं सलून आहे, आणि सलूनमध्ये कुणाची अब्रू शिल्लक राहत नाही, मालकाचीसुद्धा. बायकोला पेट्रोल पंपावर विसरून निघून गेलेला नवरा म्हणून गिऱ्हाइकं हल्ली माझी मजा घेतात. "काय हो, आज कुणाला कुठे सोडून आलात?" असं विचारत खुर्चीत बसतात. मीही हसतो. गळ्याशी वस्तरा असलेल्या माणसावर चिडणं धंद्याला बरं नाही. पण त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी मी कुणाला सांगितलेली नाही, कारण लाज वाटते.

माझी जुनी मोटरसायकल म्हणजे लोखंडाचं धूड. आळशी, जड, पण समजूतदार. चुकून तिसऱ्या गिअरवर वळण घेतलं तरी धडधड करत निघायची, बंद पडायची नाही. मागच्या स्प्रिंगा इतक्या मऊ होत्या की बायको बसली की गाडी चांगली चार बोटं खाली दबायची. ती दबली की मी क्लच सोडायचो. "बसलीस का?" "हो, बसले" हे आमच्यात लग्नापासून कधी झालंच नाही. गाडीच सांगायची.

मग तिचे सुटे भाग मिळेनात. मेकॅनिकने हात टेकले. म्हणाला, "शेठ, आता हिला आराम द्या." मी जाऊन नवी घेऊन आलो. घरात विचारलं नाही. का विचारू? चालवणार मी.

नवी गाडी म्हणजे नुसती उतावळी. हलकी, उंच, टणक. कमी वेगात जोरच नाही, म्हणून अॅक्सिलरेटरला पीळ द्यावा, तर एकदम उधळते. सुरुवातीला प्रत्येक सिग्नलला बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि मी गाडीत बिघाड असल्यासारखं खाली वाकून बघायचो. जुनीचे सगळे गिअर पुढे दाबून पडायचे, हिचे वर उचलायचे. ब्रेकला नुसतं बोट लावलं तरी खाडकन थांबते. त्यात बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं. सीट उंच, तिचे गुडघे दुखरे. माझ्या खांद्याला धरून, पाय टेकवून, एक उसासा टाकून ती चढायची. "सवय होईल," मी म्हणायचो.

या गाडीच्या स्प्रिंगा कडक. बायको बसली काय आणि भाजीची पिशवी ठेवली काय, गाडीला पत्ता नाही. हे तिच्याच आधी लक्षात आलं. म्हणून ती चढली की सांगू लागली, "बसले."

एकदा सलूनसमोर चारचौघांत म्हणाली, "बसले हं." एक गिऱ्हाईक हसलं. झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दर वेळी बसले, बसले काय लावलंयस? कंडक्टर आहेस का घंटी मारायला? इतकी वर्षं गाडी चालवतोय, मागे माणूस आहे की नाही एवढं मला कळतं!"

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर ती "बसले" म्हणायची बंद झाली. गप चढायची, आणि मी आपला अंदाजाने निघायचो. अंदाज बरोबर येत होता, म्हणून छाती फुगली होती.

याच दिवसांत तिच्या गळ्याशी गाठ आली. डॉक्टर म्हणाले, सुई घालून तपासायला हवी. माझी बायको तशी कुणाच्या बापाला भिणारी नाही, पण सुई म्हटली की तिचे हातपाय गार पडतात. दोनदा हॉस्पिटलच्या फाटकावरून परत फिरली. शेवटी एका सकाळी स्वतःच म्हणाली, "अहो, चला आज. पण एक सांगते, तुम्ही आत यायचं. बाहेर पेपर वाचत बसायचं नाही. तुम्ही असलात तर होईल माझ्याच्याने."

"अगं, हे काय सांगणं झालं? येणारच!" मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो होतो, शपथ.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. ती उतरली. तिची पर्स आधीच माझ्या हँडलला अडकवलेली, फोन त्यातच. पेट्रोल भरून मी गाडी जरा पुढे घेतली. ती मागून आली, चढण्यासाठी सीटवर हात टेकला. मला मागे हलकासा हिसका जाणवला. बसली, म्हटलं. मागचा रिक्षावाला घाई करत होता, गाडी बंद पडून हसं नको म्हणून पीळ दिला, आणि सुसाट निघालो.

आमच्या धंद्यात तोंड सतत चालतं आणि समोरच्याने उत्तर द्यावं अशी अपेक्षा नसते. तेच माझ्या अंगवळणी पडलंय. मी बोलत सुटलो. आधी गाडीबद्दल: बघ, आज कशी लोण्यासारखी निघाली. मग वाटलं, घाबरली असेल, धीर द्यावा. सिग्नलला थांबून मोठ्याने म्हणालो, "अजिबात घाबरू नकोस. मी आहे ना तुझ्याबरोबर!" शेजारचा सायकलवाला माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "काय बघतोस?" त्याने मान वळवली.

हॉस्पिटलच्या फाटकात गाडी थांबवून म्हटलं, "उतर सावकाश." कुणी उतरेना. वळून पाहिलं. सीटवर नुसतं ऊन होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच उलटा पंपावर गेलो. तिथली मुलगी म्हणाली, "काकू होय? हाका मारत तुमच्यामागे पळाल्या हो थोडं. मग थांबल्या. इथेच बसल्या होत्या पायरीवर. मी पाणी दिलं. मग गेल्या चालत."

"कुठे?"

"नाही पाहिलं. गिऱ्हाईक होतं."

आता खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. मला वाटलं, ही घरी गेली. हिला आयतंच निमित्त मिळालं. सुई चुकवायला हिने दोनदा पाठ फिरवली होती, ही तिसरी वेळ. आणि चूक माझी असताना मी तिच्यावर भडकलो. घरी गेलो तर कुलूप. चालत यायला वेळ लागेल म्हणून दारात बसलो आणि मनात भाषण जुळवू लागलो: एवढंसं झालं तर लगेच घरी यायचं? तिथेच थांबता येत नव्हतं? भाषण चांगलं जमलं होतं. दोन-तीनदा मनात म्हणूनही पाहिलं.

ती आली नाही. सावली दारातून सरकून पलीकडच्या भिंतीवर गेली, तरी आली नाही. तेव्हा वाटलं, ही एकटीच हॉस्पिटलात तर गेली नसेल? गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी दोनदा बंद पडली.

हॉस्पिटलमध्ये खिडकीशी नर्स बसली होती. मी बायकोबद्दल विचारलं.

"आत आहेत. होत आलंय त्यांचं. तुम्ही कोण?"

"मी नवरा तिचा."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात लेडीज पर्स. "त्यांना विचारलं होतं मी," ती म्हणाली. "चालत आल्या, घामाघूम. म्हटलं, सोबत कोण आहे? तर म्हणाल्या, कुणी नाही. म्हटलं, मग थांबू या का कुणी येईपर्यंत? तर म्हणाल्या, नको, आत्ता घ्या, पुन्हा माझी हिंमत व्हायची नाही."

मी हेल्मेट पायाशी ठेवून समोरच्या बाकावर बसलो.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. गळ्याला पट्टी, केस विस्कटलेले, चपलांवर धूळ. मला पाहून तिला नवल वाटलं नाही, राग आलेलाही दिसला नाही. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. बाकावर माझ्या शेजारी टेकली. मी पर्स पुढे केली, ती तिने मांडीवर ठेवली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "फार चुकलं गं."

"हं."

"दुखलं का?"

"दुखलं की. सुईच ती."

"मग केलंस कसं?" मी विचारलं. "तुला तर सुई नुसती बघवत नाही. धरलंस कुणाला?"

"खुर्चीला," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. "चला, घरी जाऊ. मी रिक्षाने येते."