निळीचा रांजण

हिरवं निघालं लुगडं, वाऱ्यानं निळं झालं
सासरच्या वाऱ्यानं गं, माझं माहेर इसारलं

सासूचा, आक्काचा हा आवाज. ती जाऊन सात वर्षं झाली, तरी रांजणातनं सूत वर काढलं की चिमणाबाईला तो ऐकू येई. आज सूत हिरवं निघालंच नाही. चुलीच्या पोतेऱ्यासारखं राखाडी निघालं. ते वाऱ्यावर धरून धरून तिचे हात भरून आले.

"मेला रांजण," सासरा केरबा उंबऱ्यावरनं म्हणाला.

त्रेपन्न सालचा पौष चालला होता. तिचा नवरा जोतीराम कोल्हापुरातच गिरणीत लागला, तेव्हापासून केरबा निळीचं काम तिलाच शिकवत होता. चुना किती, गूळ किती, गारठ्यात जमिनीत पुरलेल्या रांजणाभोवती शेणींची धग कशी धरायची, आंबवलेली नीळ जिवंत राहावी म्हणून दोन्ही वेळा तळापासून कसं ढवळायचं. आणि कावळा शिवला की चार दिवस इकडं फिरकायचं नाही, नीळ मरते. ते चार दिवस तो स्वतः बघे. म्हणजे झाकण उचली, आत डोकावे, पुन्हा झाकी. गुडघे वाकत नव्हते.

सूत न्यायला पेठ वडगावचा विणकर बाळासो आला होता. "मामा, डब्यातला रंग घ्या की आता. त्येला ना इटाळ, ना रुसवा. आन वैनी, निळ्या हातानं किती दिस भाकऱ्या थापणार?"

"तुमास्नी कधी निळी लागली व्हय भाकरी?"

बाळासो हसत बाहेर पडला. केरबा हसला नाही.

"खरं सांग, चिमणे. मागल्या हप्त्यात बाजूला बसलीवतीस, तवा शिवलीस ह्येला?"

"न्हाय."

"मग मेला कसा?"

केरबानं कोपऱ्यातली मातीनं भरलेली पाटी कशीबशी ओढत आणली. रांजण बुजवायचा, डब्यातला रंग आणायचा. त्याला शिकलेलं माणूस लागत नाही. तीन वर्षांचं तिचं शिकणं त्या पाटीपुढं येऊन थांबलं.

चिमणाबाई रांजणाच्या तोंडावर हात आडवा टाकून खाली बसली.

"मामंजी, दोन वर्सं त्या चार दिसांत बी म्याच ढवळलंय. पाटंचं, तुमी उठायच्या आदी. ह्या म्हैन्यात अंगात बळ नव्हतं, म्हून न्हाय शिवले, तेवढं तुमचं ऐकलं."